फळें, सरगुंडे आणि गोळे : एका साध्या संध्याकाळच्या जेवणाचा इतिहास

कामरगांव हें वऱ्हाडांतील कारंजा तालुक्याचें एक गांव. पूर्वीं तें अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९९८ सालीं वाशीम जिल्हा निराळा करण्यांत आला, तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत आहे. अशा गांवांतील एखाद्या घरीं आठवड्याच्या मधल्या वारीं, दिवेलागणीच्या सुमारास, काय घडूं शकतें तें वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. पुण्यास शिकावयास गेलेली नात सुटींत घरीं आलेली आहे. वसतिगृहांतील मैत्रिणींच्या संगतीनें ती ‘पास्ता’ करावयास शिकली आहे. ती परातींत कणीक मळते, पोळी लाटून तिच्या अरुंद पट्ट्या कापते, खिम्याचे लिंबाएवढे गोळे वळते, आणि टोमॅटोच्या रसांत हें सर्व एकत्र करून घरच्यांस वाढण्याच्या तयारींत आहे. आजी बाजूस बसून पाहत असते. ती म्हणते, “हे तं आपले फयंच होय व माय, अन् हे गोये. नाव तेवढं इलायती.” नात हंसून उत्तर देते, “नाही व आजी, हे इटलीचं होय.”

ह्या दोन वाक्यांत जो वाद आहे तो वरवर पाहतां कौतुकाचा वाटला तरी मुळांत इतिहासाचा आहे. आपल्याकडे अशा प्रश्नांचीं दोन ठराविक उत्तरें तयार असतात. एका पक्षास जगांतील प्रत्येक वस्तु आपल्याच पूर्वजांनीं प्रथम निर्माण केली असें वाटतें. दुसऱ्या पक्षास चांगलें म्हणून जें जें आहे तें सर्व समुद्रापलीकडून आलें असें वाटतें. दोन्ही पक्षांस पुराव्याची अडचण भासत नाहीं. प्रस्तुत लेखांत आजी व नात ह्या दोघींचेंही म्हणणें पुराव्याच्या कसोटीस लावून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम आजीचें म्हणणें पाहूं. वऱ्हाडांतील ‘फळें’ म्हणजे झाडाचीं फळें नव्हेत. कणकेंत मीठ, हळद, तिखट व थोडें तेल घालून ती घट्ट मळावयाची, जाडसर पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावयाचे, आणि उकळत्या पातळ वरणांत एकेक करून सोडावयाचे. तुकडे शिजून वर आले कीं वरून तुपाची धार घालून ताट पुढें येतें. देशावर ह्यांसच चकोल्या म्हणतात. पोळी आणि वरण निराळें करण्यास ज्या दिवशीं सवड नसते त्या दिवशींचें हें जेवण. शेतावरून थकून आलेल्या बाईनें एका भांड्यांत उरकलेला स्वयंपाक. आजीच्या मनांत फळेंच आलीं ह्याचें कारण तिनें पदार्थाची चव पाहिली नव्हती, हातांची हालचाल पाहिली होती. कणीक मळणें, लाटणें, कापणें आणि उकळत्या रसांत सोडणें, ही क्रिया दोहोंकडे एकच आहे.

साम्य येवढ्यावरच संपत नाहीं. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत सरगुंडे करितात. भिजविलेल्या पिठाची बारीक वळी एका काडीभोंवतीं गुंडाळावयाची, काडी अलगद काढून घ्यावयाची आणि तीं वेटोळीं वाफवून आमरसाबरोबर खावयाचीं. दक्षिण इटलींत लोखंडी सळईभोंवतीं कणीक गुंडाळून फुसिल्ली करितात; सळई आणि काडी ह्यांपलीकडे पद्धतींत फारसा भेद नाहीं. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तास गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटवे वळतात. नखुली नखानें दाबून होते. इटलींत बोटाच्या टोंकानें कणीक दाबून पोकळ कवातेल्ली करितात. परंतु ह्या साम्यावरून कोणीं कोणाचें उचललें असें म्हणतां येत नाहीं. पीठ, पाणी आणि दहा बोटें हीं सामग्री जेथें जेथें आहे तेथें तेथें मनुष्याचा हात सारख्याच वाटांनीं जातो, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें.

लेखी पुरावा काय सांगतो? सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ह्या वैद्यकग्रंथांत ‘सेविका’ नांवाच्या पदार्थाची कृति आहे. गव्हाच्या पिठाच्या बारीक, जवाच्या दाण्याएवढ्या वळ्या करून त्या वाळवाव्या, दुधांत शिजवाव्या व तूपसाखर घालून खाव्या, असा तिचा आशय. हें वर्णन आजच्या लांब शेवयांपेक्षां गव्हल्यांस अधिक जुळतें. म्हणजे नांव शेवईचें आणि रूप गव्हल्याचें. युरोपाकडे वळलें तर ११५४ च्या सुमारास अल्‌-इद्रिसी ह्या अरब भूगोलवेत्त्यानें सिसिली बेटावरील त्राबिया येथें ‘इत्रिया’ नांवाच्या वाळविलेल्या शेवया पुष्कळ प्रमाणांत होतात व जहाजें भरभरून परदेशीं जातात असें नमूद केलें आहे. १२७९ सालीं जिनोआ शहरांतील एका सैनिकाच्या मालमत्तेची यादी तेथील नोटरीनें केली. तींत मॅकरोनीनें भरलेल्या एका पेटाऱ्याची नोंद आहे. मार्को पोलो चीनहून १२९५ मध्यें परतला. म्हणजे त्यानें ही विद्या चीनहून इटलीस नेली ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट त्या एका यादीनेंच खोटी ठरते. खुद्द चीनमध्यें लाजिया येथील उत्खननांत सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या भरडधान्याच्या शेवया एका पालथ्या वाडग्याखालीं सांपडल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां नातीचें ‘हे इटलीचं’ हें म्हणणेंही जसेंच्या तसें टिकत नाहीं. इटलीस तें अरबांच्या हातून लाभलें असावें असें मानण्यास जागा आहे.

आतां एक प्रश्न असा येतो. सामग्री सारखी, हात सारखा. मग इटलींत शेवई ही रोजच्या तिखटामिठाच्या जेवणांत गेली आणि आपल्याकडे ती दूधगुळाच्या, सणावाराच्या पंक्तींत कां राहिली? ह्याचें उत्तर स्वयंपाकघरांत नाहीं, शेतांत आहे. वऱ्हाडची काळी कसदार जमीन. तिचें रोजचें अन्न ज्वारी. भाकरी ही नित्याची आणि पोळी ही पाहुण्याची, अशी स्थिति येथील कष्टकरी घरांत कालपरवांपर्यंत होती. ज्या घरीं गहू मोजून वापरावा लागे त्या घरीं रवा काढून, सपीट वस्त्रगाळ करून, दिवसभर खपून केलेल्या शेवया रोज रात्रीं वरणांत कोण घालील? त्या डब्यांत भरून जांवयाच्या, व्याह्याच्या वाट्यास राखून ठेवावयाच्या. इटलींतही आरंभीं असेंच होतें. नेपल्सच्या रहिवाशांस पूर्वीं पालाभाजी खाणारे म्हणून हिणवीत. सतराव्या शतकांत कणीक मळण्याचीं व दाबून काढण्याचीं यंत्रें आलीं, मॅकरोनी स्वस्त झाली, आणि तेच लोक मॅकरोनी खाणारे म्हणून प्रसिद्धीस आले. पदार्थ गरिबाच्या ताटांत जातो तो रुचि बदलल्यामुळें नव्हे, भाव उतरल्यामुळें.

ह्या गव्हाच्या कथेंत एक विलक्षण दुवा आहे. शेवयांस कठीण दाण्याचा गहू लागतो. तो दळतांना पिठूळ न होतां त्याचा रवा पडतो, आणि त्या रव्याची शेवई शिजतांना सहसा विरघळत नाहीं. आपल्याकडील बन्सी आणि बक्षी हे ह्याच जातीचे गहू. इटलीची मॅकरोनीही ह्याच जातीच्या गव्हाची. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला, आणि हिंदुस्थानचा गहू विलायतेच्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर जाऊं लागला. त्यांतील कठीण गव्हास इटलींत मॅकरोनीसाठीं मागणी असे. म्हणजे ज्या काळीं काळ्या जमिनीच्या मुलखांतील मजुराच्या घरीं शेवई हें अप्रूप होतें, त्याच काळीं ह्या देशाच्या गव्हाच्या शेवया भूमध्यसमुद्राच्या कांठीं शिजत होत्या. गहू कोणी पिकविला आणि खाल्ला कोणी, हा प्रश्न पदार्थाच्या नांवाहून अधिक महत्त्वाचा आहे.

गोळ्यांची कथा निराळी आहे. मांस कुटून, त्यांत मसाला घालून गोळे वळणें ही रीत मध्य आशियांत व इराण-अरबस्तानांत फार जुनी. कोफ्ता हा शब्द कुटणें ह्या अर्थाच्या फारसी धातूपासून आला आहे. बगदादेंत १२२६ सालीं तयार झालेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथांत अशा गोळ्यांच्या कृती आहेत. इ. स. १५०० च्या सुमारास माळव्यांत मांडू येथें घियासुद्दीन खिलजीच्या दरबारीं ‘निअमतनामा’ हा सचित्र ग्रंथ लिहिला जाऊं लागला. त्यांत कोफ्त्याचे प्रकार आले आहेत. ह्याच सुमारास वऱ्हाडांत एलिचपूर येथें इमादशाही उभी राहिली होती. तेव्हां खिम्याचा गोळा ह्या बाजूस मुसलमानी स्वयंपाकघरांतून आला असावा हें मान्य करण्यास संकोच नको. परंतु डाळ भिजवून, वाटून तिचे वडे वळण्याची रीत आपल्याकडे त्याहून जुनी आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लासां’त वटकांच्या कृती आहेत. वऱ्हाडांतील गोळाभात आणि गोळ्यांचें सांबार हें त्याच कुळांतील. आजीनें खिम्याच्या गोळ्यास पाहून ‘गोये’ म्हटलें तें ह्या डाळीच्या गोळ्यांच्या ओळखीनें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शेवया आणि मांसाचे गोळे एका ताटांत घालून खाण्याची चाल इटलींत सर्वसाधारण नाहीं. तेथें शेवई आधीं येते आणि गोळे मागाहून, निराळ्या ताटांत. आब्रुत्सोसारख्या एखाद्या प्रांतांत बोराहून लहान गोळ्या शेवयांत घालितात, तेवढा अपवाद. मोठे गोळे व शेवया ह्यांची जोडी जमली ती अमेरिकेंत. १८८० ते १९२० ह्या काळांत सुमारें चाळीस लक्ष इटालियन माणसें पोटासाठीं अमेरिकेस गेलीं. दक्षिण इटलींत ज्यांच्या घरीं मांस सणालाच दिसे, त्यांस न्यूयॉर्कच्या मजुरींत तें रोज परवडूं लागलें. घरीं ज्या वस्तु निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या मानानें खात, त्या त्यांनीं परक्या शहरांत एका ताटांत आणल्या. वरचा टोमॅटो, ज्यास वऱ्हाडांत भेदरें म्हणतात, तोही मूळचा अमेरिकेचाच. तो युरोपांत सोळाव्या शतकांत आला. आणि आपल्या रश्श्याचें तिखट ज्या मिरचीचें, तीही त्याच शतकांत पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागली. तेव्हां नातीनें शिजविलेला पदार्थ खरें पाहतां इटलीचाही नव्हे. तो घर सोडून गेलेल्या माणसांचा आहे. तोच पदार्थ कामरगांवची मुलगी पुण्याच्या वसतिगृहांत, म्हणजे घर सोडल्यावरच, शिकली ह्यांत एक प्रकारचें औचित्य आहे.

मग निकाल काय? नातीचें चुकलें तें नांवांत, आजीचें चुकलें तें कुळांत. पण आजीची नजर अधिक खरी होती. मात्र तिच्या बाजूनें एक साक्षीदार उभा राहूं शकत नाहीं, आणि तो म्हणजे कागद. जिनोआच्या सैनिकाच्या मॅकरोनीस नोटरीची नोंद मिळाली, कारण ती मालमत्ता होती. मांडूच्या कोफ्त्यास चित्रकार मिळाला, कारण तो सुलतानाचा होता. सोमेश्वरानें राजाचें भोजन लिहून ठेविलें. मराठींत ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं छापलें गेलें, आणि लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं. ह्या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत, परंतु त्यांतून प्राधान्यानें दिसतें तें शहरांतील सुस्थित घर. वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरीं एका साध्या बुधवारीं रात्रीं काय शिजलें ह्याची नोंद करण्याचें कोणास कधीं कारणच पडलें नाहीं.

ही नोंद आतां झाली नाहीं तर पुढें होणें कठीण आहे. चैत्र-वैशाखांत आज एकीच्या घरीं, उद्यां दुसरीच्या घरीं अशा पाळीनें शेजारणी जमत. गहू ओलवीत, जात्यावर दळीत, आणि शेवया खाटेवर वाळत घालीत. ह्या कामास मजुरी नव्हती; एकीनें दुसरीचें काम करावयाचें हाच त्याचा हिशेब होता. पुढें हातानें फिरविण्याचें यंत्र आलें, मग विजेचें आलें, मग तयार पुडा आला. जात्याशीं पहांटे बसण्याच्या कष्टांतून बायकांची सुटका झाली ह्याचें दुःख करणारा मनुष्य स्वतः कधीं जात्याशीं बसलेला नसतो. कष्ट जावेत, परंतु कष्टांबरोबर ज्ञानही जाऊं द्यावें असें कोठें आहे? कोणत्या गव्हास किती पाणी, वळी तुटूं लागली तर काय करावें, सरगुंड्याची काडी कोणत्या झाडाची, हें सर्व आज ज्यांच्या बोटांत आहे त्या बहुतेक वृद्ध आहेत.

म्हणून वाचकांस, आणि विशेषतः घरोघरच्या शिकलेल्या मुलींस, एक विनंती आहे. आपल्या घरच्या सणाच्या पक्वान्नांची वही बहुधा कोणीतरी ठेविलेली असते. तिला जोडून साध्या वारीं रात्रीं होणाऱ्या जेवणाची एक वही ठेवावी. आजीपाशीं बसून, तिच्याच बोलींतले शब्द न बदलतां, प्रमाण, वेळ, गव्हाची जात आणि ती हें कोणाकडून शिकली तें लिहून घ्यावें, आणि खालीं गांवाचें नांव व तारीख घालावी. पुढें एखाद्या इतिहासकारास कामरगांवच्या त्या संध्याकाळचा निवाडा करावयाचा झाला, तर त्यास नातीच्या बाजूनें पुष्कळ ग्रंथ सांपडतील. आजीच्या बाजूनें निदान ही एक वही असावी.