चौगुले, फडेप्पा

भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघातील (१९२०) लांब पल्ल्याचे धावपटू. बेळगावचे रहिवासी. अँटवर्प (बेल्जियम) येथील ऑलिंपिक क्रीडासामन्यांत मॅराथॉन शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय होत. तत्पूर्वी १९०० च्या पॅरिस सामन्यांत कलकत्त्याचे नॉर्मन प्रिचर्ड यांनी २०० मी. धावणे व २०० मी. अडथळ्यांची शर्यत यांत दुसरा क्रमांक मिळविला होता. तथापि त्यांच्यामागे भारतीय संघटनेचे पाठबळ नव्हते.

संघाची कल्पना पुण्यात उदयास आली. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात, १९१९ च्या सुमारास, सर दोराबजी टाटा यांनी शेतकरी वर्गातील स्पर्धकांना अनवाणी धावताना पाहिले. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण नव्हते. तरी त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंशी तुलना करण्याजोग्या होत्या. टाटांनी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या साहाय्याने ऑलिंपिक प्रवेशाची अनुमती मिळविली व खर्चाचा काही भार स्वतः उचलला. चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी व पूर्मा बॅनर्जी हे धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल निवडले गेले. इंग्लंडमध्ये सराव करून संघ अँटवर्पला पोहोचला.

मॅराथॉन शर्यत २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली. तिचे अंतर ४२·७५ किमी., म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासात सर्वाधिक होते. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मि. ३५·८ सेकंदांत पहिले आले. चौगुले यांनी २ तास ५० मि. ४५·४ सेकंद घेऊन एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. बॅनर्जी १०० व ४०० मी. शर्यतींच्या पहिल्याच फेरीत बाद झाले. अल्प अंतराच्या शर्यतींत प्रारंभाचे तंत्र व आखीव धावमार्गाचा सराव निर्णायक ठरतो. अंगमेहनतीने कमावलेला दमसास तेथे पुरेसा पडत नाही. शिंदे मात्र कुस्तीत चौथे आले.

पदक न मिळाल्याने या संघाची उपेक्षा झाली. परंतु त्याच्या सहभागातूनच पुढील संघटनकार्यास चालना मिळाली. टाटा १९२० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य व १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघाचे पहिले अध्यक्ष झाले. ग्रामीण भागातील धावपटूस शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाल्यास काय साधते, याचे उत्तर मिळण्यास मात्र दीर्घ काळ जावा लागला. मराठवाड्यातील मांडवा (जि. बीड) येथील शेतकरी कुटुंबातून सैन्यात गेलेले अविनाश साबळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३,००० मी. अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावले. चौगुले यांच्या शर्यतीनंतर तोवर १०४ वर्षे लोटली होती.