पत्र्याचे रोबॉट

गेल्या वर्षी प्रोजेक्टच्या कृपेने तीन महिने टोकियोला होतो. निघताना घरून याद्या आल्याच. बहिणीला सनस्क्रीन, आईला भाजी चिरायची सुरी आणि मामाला... रोबॉट! "चालणारा आण. शोपीस नको." मामा पन्नाशीचा, पिंपरीच्या एका टूलरूममध्ये प्रेस टूल्स बनवतो. म्हटलं, या वयात हे काय खूळ?

तर झालं असं की ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' लागायचा. मूळ जपानी मालिका १९६७ची, २६ भागांची, मित्सुतेरू योकोयामाच्या कल्पनेतली. एक लहान मुलगा मनगटी घड्याळात बोलतो आणि भलाथोरला रोबॉट त्याचं ऐकतो. शेवटच्या भागात मात्र रोबॉट पहिल्यांदाच त्याचं ऐकत नाही. खलनायकाला कवेत धरून सरळ आकाशात उडतो आणि उल्केवर जाऊन आदळतो. मामा म्हणतो, तो भाग बघून तो दोन दिवस जेवला नव्हता. आजी म्हणते, एकच दिवस. असो.

तर रोबॉट शोधायच्या निमित्ताने नाकानो ब्रॉडवेला गेलो. १९६६ साली बांधलेली इमारत, खाली साधं मार्केट. वरच्या मजल्यांवर मात्र काचेच्या कपाटांची छोटी छोटी दुकानं आणि त्यात जुनी खेळणी. 'मांदाराके' हे जुन्या मालाचं आता अवाढव्य झालेलं दुकान १९८० साली इथेच जुन्या मांगा विकत सुरू झालं. कपाटातल्या किमती वाचल्या आणि येन-रुपयाचा हिशोब दोनदा करून बघितला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

पण मला खरी गंमत वाटली ती या खेळण्यांच्या जन्माची. डिसेंबर १९४५. युद्ध संपून चार महिने झालेले, शहरं बेचिराख. ओत्सु गावच्या मात्सुझो कोसुगे नावाच्या कारागिराने अमेरिकन सैनिकांनी फेकलेले डबे कापले आणि त्यातून एक छोटी जीप बनवली. ज्यांनी हरवलं त्यांचीच गाडी, त्यांच्याच कचऱ्यातून! क्योतोच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ती दहा येनला विकली गेली आणि लोकांनी रांगा लावून घेतली. पुढे निर्यात सुरू झाली. १९४७ ते १९५२ या काळातल्या बऱ्याच खेळण्यांच्या बुडाशी 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं छापलेलं सापडतं. खेळण्यावर लिहिलेलं 'व्यापलेला जपान' मुलं वाचत नसणार, पण बनवणारे रोज बघत असतील ना?

रोबॉट आले ते या लाटेवर. पत्र्याच्या सपाट शीटवर आधी रंगीत छपाई करायची, मग डायमध्ये दाबून आकार द्यायचा. एका तुकड्याचे टॅब दुसऱ्याच्या खाचेत घालून वाकवले की जोड तयार. मासुदाया, नोमुरा, योनेझावा, होरिकावा, योशिया अशा कंपन्या, आणि बहुतेक माल जायचा अमेरिकेला. १९५६च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' सिनेमातल्या रॉबीसारखे दिसणारे तर ढिगाने निघाले. (परवानगी वगैरे प्रश्न विचारू नयेत.) मासुदायाने १९५७ साली 'रेडिकॉन रोबॉट' काढला. रेडिकॉन म्हणजे रेडिओ कंट्रोलचा जपानी शॉर्टफॉर्म. त्याच साच्यातून, साधारण ३८ सेंटीमीटर उंचीचे, वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या करामतींचे आणखी चार निघाले. पाचही जण म्हणजे 'गँग ऑफ फाइव्ह'. त्यातला 'मशीन मॅन' सगळ्यात दुर्मिळ. पण हे टोळीचं नाव कंपनीचं नाही बरं का! संग्राहकांनी नंतर ठेवलेलं आहे.

आणि इथेच माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. यातल्या कित्येक कंपन्या बंद पडल्या आणि कागदपत्रं गेली. ज्यांनी आयुष्यभर टॅब वाकवले त्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. डॉक्युमेंटेशन शून्य, लिहिणारे सोडून गेलेले आणि सिस्टिम मात्र चालू. लेगसी कोड बघितलेल्या माणसाला हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. मग उरतं काय? वस्तू. संग्राहक बुडाखालचा ट्रेडमार्क बघतात. चौकटीतलं 'टीएन' म्हणजे नोमुरा, 'एसएच' म्हणजे होरिकावा. सेलचा डबा कसा आहे, खोक्यावरचं चित्र कुठलं, यावरून वर्ष ठरवतात. हा इतिहास प्राध्यापकांनी नाही, हौशी लोकांनी लिहिला आहे. त्यात अडचण एकच. इतिहास लिहिणारा आणि माल विकणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो!

'लिलिपुट' नावाच्या रोबॉटचंच घ्या. पिवळा-केशरी, चावीचा, डब्यासारखा चौकोनी, छातीवर एनपी ५३५७ असा आकडा. जगातला पहिला खेळण्यातला रोबॉट म्हणून त्याचा गाजावाजा झाला, साल सांगितलं जायचं तिसाव्या दशकातलं. नंतर काही जाणकारांनी शंका काढली की हा युद्धानंतरचा आहे. वाद नुसता सालाचा नाही. साल मागे गेलं की किंमत वर जाते.

पत्र्याचं युग साठच्या दशकाच्या शेवटी ओसरलं. मजुरी वाढली, हाँगकाँगचं प्लास्टिक आलं, पत्र्याच्या धारदार कडा पालकांना नकोशा झाल्या. मग डिसेंबर १९७२ मध्ये टीव्हीवर गो नागाईचा 'माझिंगर झेड' आला आणि खेळच बदलला. बान्दाईच्या पोपी या उपकंपनीने १९७३ साली त्याचा साठेक सेंटीमीटरचा पोकळ प्लास्टिकचा पुतळा काढला, शाम्पूच्या बाटलीच्या जातीचा. १९७४ साली जस्ताच्या मिश्रधातूचा, हातात धरला की जड लागणारा 'चोगोकिन' आला. हे मालिकेतल्या काल्पनिक धातूचं नाव. मुठी स्प्रिंगवर उडायच्या. १९७७ पासून मॅटेलने असलेच रोबॉट 'शोगुन वॉरियर्स' म्हणून अमेरिकेत विकले. पुढे दुसऱ्याच एका खेळण्यातलं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं आणि उडणाऱ्या मुठींवर तिकडे संक्रांत आली. ताकाराच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंजमधून १९८४ साली हॅस्ब्रोचे ट्रान्सफॉर्मर्स झाले, ते तुम्हाला माहीत आहेतच.

क्लायंटच्या ऑफिसात एक पन्नाशीतले गृहस्थ होते. मीटिंगमध्ये तीन महिन्यांत जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील. एकदा जेवताना मी चोगोकिन म्हटलं आणि पुढचा पाऊण तास फक्त तेच बोलत होते. लहानपणचे सगळे रोबॉट घर बदलताना आईने टाकून दिले. आता एकेक परत विकत घेतायत, कपड्यांच्या कपाटात मागे ठेवतात. "पत्र्यावाले वेगळे," ते म्हणाले. "त्यांची खेळणी अमेरिकेहून परत येतात. आमची आईने टाकलेली असतात." तेरुहिसा किताहारांचं नाव त्यांनीच सांगितलं. १९४८चा जन्म, कुणीतरी टाकून दिलेलं भिंतीवरचं घड्याळ उचललं आणि तिथून नाद लागला. १९८६ साली त्यांनी योकोहामात पत्र्याच्या खेळण्यांचं म्युझियम उघडलं. १९९४ साली सुरू झालेल्या, घरातल्या जुन्या वस्तूंची किंमत सांगणाऱ्या टीव्ही कार्यक्रमात खेळण्यांचे परीक्षकही तेच. "तेव्हापासून स्वस्तात काही मिळत नाही," हे गृहस्थांचं दुःख.

शेवटी एका रविवारच्या जुन्या बाजारात मला साठच्या दशकातला एक होरिकावा मिळाला. खोकं नाही, सेलचा डबा गंजलेला, छातीत दोन झडपा, आत बंदुका. मोटर घुरघुरायची पण पाय हलायचे नाहीत, म्हणून परवडला. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, हा कधीही उघडलेला नाही. गृहस्थ म्हणाले, मग अजिबात उघडू नका. एकदा टॅब वाकवला की संपलं.

पुण्याला आल्यावर मामाने चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्याजवळ धरला. मिनिटभर गप्प. मग म्हणाला, "हा उघडलाय रे आधी. टॅबच्या मुळाशी बघ, रेघ आलीय. पत्रा दोनदा वाकलाय." तीस वर्षं प्रेस टूल बनवलेल्या माणसाशी काय वाद घालणार? तरी मी म्हटलं, "मामा, तू अजून एकदा उघडलास तर तुटेल. आणि किंमतही जाईल."

"किंमत कुणाला सांगायचीय? चालणारा आण म्हटलं होतं ना?"

दोन दिवस आमचं यावर भांडण. मी जपून ठेवायच्या बाजूने. त्याचं म्हणणं एवढंच की बनवणाऱ्याने हा चालायलाच बनवला. रविवारी मी उठेपर्यंत त्याने उघडला होता. एक टॅब तुटलाच. आत एका वायरला कुणीतरी हाताने डाग दिलेला होता, जाडाभरडा, फॅक्टरीचा नक्की नाही. अमेरिकेतला कुणी बाप असेल किंवा कुणी दुकानदार. मामा त्या डागाकडे बराच वेळ बघत बसला, तो काही त्याने काढला नाही. एक छोटं गिअर झिजून गुळगुळीत झालं होतं. त्याने मापं घेतली आणि आठवड्याने पितळेचं बनवून आणलं.

चालला! फरशीवर खडखड करत चार पावलं, मग थांबून छाती उघडली, लाल दिवे, बंदुका. आजी बाहेर येऊन म्हणाली, "हा तो नव्हे."

व्हिडिओ जपानला पाठवला. पाठवताना जरा धाकधूक होती. दुसऱ्या दिवशी गृहस्थांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. पहिल्या ओळीत, आता याला संग्राहक घेणार नाही. दुसऱ्या ओळीत, त्यांच्या एका पत्र्यावाल्या मित्राचा अगदी असाच बंद पडलाय, तर त्या गिअरला दात किती आहेत, ते मामाला विचाराल का?