उत्तरायुष्यातील लेखन आणि 'सहजते'चा गैरसमज

मराठी वाङ्मयेतिहासात लक्ष्मीबाई टिळकांचा (१८६८-१९३६) उल्लेख 'सहजता' या शब्दावाचून क्वचितच होतो. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. शालेय शिक्षण तर नव्हतेच. एवढ्यावरून असे गृहीत धरले गेले, की हे लेखन म्हणजे बोलण्याचाच ओघ, तो कागदावर आला इतकेच. हा गौरव लेखिकेचे लेखिकापणच हिरावून घेतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९००मधला. मधल्या ताटातुटीच्या वर्षांत त्या कविता रचू लागल्या. १९१९मध्ये टिळक निवर्तले, तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे जेमतेम अकरा अध्याय झाले होते. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. तो ग्रंथ १९३८मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, छापला गेला आणि 'स्मृतिचित्रां'च्या चर्चेतून जवळजवळ वगळलाच गेला. चौसष्ट अध्यायांची पद्यरचना करणाऱ्या व्यक्तीला शब्द कोठे थांबवावा हे कळत नव्हते, असे मानणे कठीण आहे. 'स्मृतिचित्रां'तील आखूड वाक्य, प्रसंग ऐन रंगात असताना तो तोडण्याची सवय, यांचे मूळ माजघरातील गप्पांइतकेच या रचनेच्या सरावातही शोधावे लागेल.

उशिरा हाती आलेल्या गद्याला निमित्त मात्र पतीचेच होते. पुत्र देवदत्त यांना टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. स्त्रीच्या आत्मकथनाला त्या काळी मिळणारा हा मान्य परवाना. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) याच परवान्यावर, न्यायमूर्तींच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आले, आणि त्याची मर्यादा त्यांनी बहुतांशी पाळली. लक्ष्मीबाई ती प्रारंभीच ओलांडतात. त्यांची कथा टिळकांपाशी नव्हे, स्वतःच्या माहेरी सुरू होते: १८५७च्या धामधुमीत घराण्यावर कोसळलेले फाशीचे संकट, आणि त्यानंतर वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड. पुढे टिळक येतात ते कवी म्हणून जितके, तितकेच तापट, विसराळू, हाती पैसा न टिकणारे यजमान म्हणून. पतीची अशी थट्टा, तीही प्रेम जराही उणे न होता, पंचविशीत लिहिता आली असती का? साठीतील निवेदिका अकरा-बारा वर्षांच्या नवऱ्या मुलीकडे वळून पाहते; हसू येते ते या अंतरामुळे. उशीर हा येथे उणिवेचा भाग राहत नाही, तो निवेदनाचा घटक होतो.

तरीही उशिराचे कौतुक जपूनच करावयास हवे, कारण त्यामागे सक्ती असते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले व १९८६मध्ये ग्रंथरूप झाले. त्यापूर्वी कित्येक वर्षे हे लेखन फलटणला, घरच्यांपासून लपवून, चाललेले होते. येथे पतिचरित्राचा परवाना नव्हता आणि तो मागितलाही गेला नाही. 'मी'पेक्षा समाजच अधिक बोलतो. छापील वर्ष आणि लेखनाचे वय यांतील हे अंतर ग्रंथसूचीत दिसत नाही. वाङ्मयेतिहास मात्र सूचीतील सालावरूनच लेखिकेचा आरंभ ठरवीत आला आहे.