तळटीप : नवरीची आबोछणी

* आबोछणी : सिंधमधल्या, विशेषतः थरपारकरच्या वाळवंटी मुलखातल्या नवरीने लग्नात डोक्यावरून घ्यायचे भरतकामाचे वस्त्र. 'शाल' म्हटले की आपल्याला लोकर आठवते. ही मात्र बहुधा सुती असते. तिच्यावर रंगीत रेशमाची मोठमोठी फुले आणि त्यांत बसवलेले बारीक आरसे. आंदणातल्या अशा वस्तू घरातल्या बायकाच भरत, लग्नाच्या पुष्कळ आधीपासून.

या मुलखातल्या टाक्यांपैकी 'हुरमिचो' विशेष पाहण्याजोगा आहे. आधी कापडावर आडव्यातिडव्या धाग्यांचा सांगाडा टाकतात. मग दुसरा धागा कापडात न टोचता त्या सांगाड्यातूनच वरखाली विणत नेतात. एखादा धागा चुकीच्या बाजूने गेला की पुढची गुंफण जमत नाही. 'सूफ'ची तऱ्हा आणखी निराळी : कापडावर काहीही न रेखता, ताणेबाणे मोजत, उलट बाजूने भरायचे, सुलट बाजूला त्रिकोणांची नक्षी उमटते. हे काम डोळ्यांना फार जड जाते.

फाळणीनंतर सिंधी हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने कल्याणजवळच्या छावण्यांत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आली. थरपारकरचे सोढा राजपूत आणि मेघवाळ मात्र मुख्यतः १९७१च्या युद्धानंतर कच्छात उतरले आणि सूफ, खारेक, पक्को ही कामे त्यांच्याबरोबर आली. मुंबईतल्या प्रदर्शनांत ती सरसकट 'कच्छी' म्हणून खपतात. निदान किमतीच्या चिठ्ठीवर तरी थरपारकरचे नाव असायला हरकत नसावी. — संपा.