घोंगड्याचे शेजार

भिजत पडलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. ज्याने भिजलेले घोंगडे उचलले असेल, त्याला या शब्दांतली खोच कळेल. लोकर पाणी पिते, घोंगडे दगडासारखे जड होते आणि एकट्याला पिळता येत नाही. दुसऱ्या टोकाला शेजारी लागतो. तो नसेल, तर घोंगडे भिजतच पडते!

पण शेजारी लागतो तो त्याही आधीपासून. मेंढरे धनगराची, लोकर कातरायची त्याने. ती पिंजून सूत काढायचे बायकांनी, घरकाम उरकून, गप्पा मारीत. विणायचे सनगराने, खड्ड्याच्या मागावर. मागावर चढण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, आणि ऊन उतरण्यापूर्वी तो वाळवायचा. एवढा लांब ताणा कोणत्या घरात मावणार? तो पसरायचा गल्लीत. मग ज्याच्या दारापुढे खुंटी ठोकली, त्याने बैलगाडी दुसरीकडून न्यायची, पोरांना आवरायचे, आणि आभाळ भरून आले तर हाक येण्याआधी धावायचे. कालचे भांडण उद्यावर ठेवावे लागे. भिजलेला ताणा भांडण ऐकत नाही.

म्हणजे सारे गुण्यागोविंदाने नांदत होते, असे मात्र समजू नये. घोंगड्यावर एकत्र बसणारे लोक पंगतीला वेगळे बसत. गरजेने माणसे जवळ येत. मने जवळ येतीलच, असे नव्हे. तरीही गरज ही थोर शिक्षिका आहे. ती निदान रोज शाळेत हजेरी लावायला लावते.

पुढे दिवस पालटले. जवळच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी अशा उद्योगांना आसरा दिला. त्या खडखडाटावर गाव पोसले आणि त्याला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. त्याचा राग कशाला धरावा? यंत्राने हजारो घरांची चूल पेटवली. मात्र गल्लीतला ताणा गोळा झाला, आणि मागाच्या आवाजात शेजाऱ्याची हाक ऐकू येईना. विणकरांनी पुढे सहकारी सूतगिरण्या काढल्या, तेव्हा जुनेच सत्य त्यांनी नव्या कागदावर लिहिले : एकट्याचे सूत लवकर तुटते.

आमचे जयसिंगपूर तर मुद्दाम वसवलेले गाव. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या जयसिंगरावांचे नाव त्याला दिले. रस्ते सरळ आखता आले. शेजार मात्र आखता येत नाही. तो विणावा लागतो.

दसरा सरला, की पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते, आणि ती कोणाच्या खांद्यावर पडावी हे कोणी ठरवीत नाही. या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी धाडाल, तेव्हा पोराच्या हाती धाडू नका, वाचकहो. स्वतः जा, उंबऱ्यावर घटकाभर टेका. आडव्या धाग्याला उभा धागा असाच भेटतो.