निशाणी नांगर, निशाणी अंगठा

जुन्या मराठी कागदांच्या शेवटी, लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहिलेले आढळते. ज्याच्या हाती जे हत्यार, तीच त्याची सही. ती निशाणी माणूस आपण होऊन देई, आणि तिच्यात त्याचे काम दिसे. पुढे नांगर गेला व ‘निशाणी डावा अंगठा’ आली. आज भंडारदऱ्याच्या वर, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, रेशन दुकानातल्या मशिनवर बाई अंगठा टेकवते तिथपर्यंतची ही वाट मला आपल्यापुढे मांडावयाची आहे. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. मजुरांचे हजेरीपट तपासता तपासता वाचनाची चटक लागलेला माणूस आहे. तेवढे सांभाळून घ्यावे.

हा अंगठा पुढे आला तो अविश्वासातून. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या गोऱ्या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा करार राज्यधर कोनाई याच्याशी केला आणि कागदावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा घेतला. त्या वेळी हेतू शास्त्राचा नव्हता. कोनाईने पुढे सही नाकारू नये, त्याला धाक बसावा, एवढ्यासाठी हे केले, असे हर्शेलने स्वतःच लिहून ठेवले आहे. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गवारीचे अवघड काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव मात्र साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे, लागले. (कामगार चळवळीतल्या माणसाला यात नवल ते काय!) पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, काही गुन्हा केलेला नसतानाही, जमातीत जन्मला म्हणून माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याची मुभा सरकारला मिळाली. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले.

आपल्या भागाला कागदाची दहशत नवी नाही. याच अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी इंग्रज आणि सावकार अशा दोघांविरुद्ध हत्यार उपसले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. नंतर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला दंगा उसळला आणि तो आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंत पोहोचला. बहुतेक ठिकाणी लोकांनी मागितली ती खतपत्रे. ती हाती पडताच जाळली, आणि मुकाट्याने कागद देणाऱ्या सावकाराच्या अंगाला सहसा हात लावला नाही. याला अडाण्यांचा आंधळा राग म्हणणारे म्हणोत. आपली मानगूट नेमकी कुठे अडकली आहे हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. हिशेब होता, पण तो एकाच घरात होता. ज्याचा अंगठा त्याच्यापाशी नक्कल नव्हती.

सरकारला हे कळले असावे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे असे ठरविले. शिवाय दिलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा निराळा विषय आहे. पण त्यातली पासबुकाची कल्पना मला फार मोलाची वाटते.

आता आजचे पाहा. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या आदिवासी गावी दिला गेला. भातलावणी करून, दगड फोडून ज्यांच्या बोटांच्या रेघा झिजल्या, त्यांचा अंगठा मशिन घेत नाही. बाई पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. डोंगरात पाऊस लागला की रेंज जाते ती निराळीच. पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, घराचे कुलूपही बदलता येते. अंगठा कुठून बदलणार? २०१८ साली तेलंगणात जमिनीच्या नोंदणी कागदांवरचे ठसे उचलून रबराचे अंगठे बनविल्याचे आणि त्यांवर सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण उघडकीस आले. म्हणजे खतावरचाच अंगठा, फिरून धन्याच्या बोकांडी! आधारच्या ॲपमध्ये आपले ठसे बंद करून ठेवण्याची सोय आहे. पैसे काढताना किंवा रेशन घेताना तेवढे उघडावे व पुन्हा लावावे. शहरातल्या सुशिक्षितांनी तरी ते आज घरी जाऊन करावे. ज्याच्यापाशी साधा फोन आहे त्याने काय करावे, याचे उत्तर कोणी देत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ मध्ये माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. त्यात सरकारला आपल्याच खात्यांना सूट देण्याची वाट ठेवली आहे, आणि ती मला मुळीच पसंत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळविले, की अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा ग्राहकांची वेगळी नोंदवही ठेवावी. मी दुकानात गेलो की प्रथम ती वही मागतो. दुकानदार माझ्याकडे असा पाहतो, की जणू मी त्याची सातपिढ्यांची वंशावळ मागितली.

दुसरी मागणी पावतीची. मशिनमधून ती निघते. बहुतेक लोक तशीच टाकून येतात. आमच्या ओळखीचे एक म्हातारबाबा मात्र प्रत्येक पावती सातबाऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवीत. वर्षाने काढली तो कागद कोरा! त्या कागदावरची अक्षरे उडून जातात. तेव्हापासून नात दर महिन्याला पावतीवरचे आकडे शाळेच्या वहीत उतरवून घेते, आणि म्हातारबाबा त्याखाली आपला अंगठा उठवतात.