बसलेल्या माणसाचं जाकीट

ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांची चामडी जाकिटं मांडली आहेत. लोक पाठीवरची रंगीत चित्रं बघतात. मी मुंढे, म्हणजे बाही जोडायचे घेर, बघतो. पुण्यात लष्कर भागात अफसरांचे गणवेश कापण्यात माझी हयात गेली. आता मुलीकडे इथं राहतो, आणि डेटनच्याच राइट फील्डवरून ज्या कपड्याच्या मापाची सूत्रं हलली, तो ए-2 जाकिटाचा प्रकार मला कापणीचा उत्तम नमुना वाटतो.

9 मे 1931 रोजी तो मंजूर झाला. आधीच्या ए-1 ला बटणं आणि विणलेली कॉलर होती. ए-2 ला पुढे चेन आली, टिचबटणांनी खाली बसणारी चामडी कॉलर आली, खांद्यावर पट्ट्या, मनगटाला आणि कमरेला लोकरीची वीण. कातडं बहुतेक घोड्याचं. पाठ एकाच तुकड्याची, मधे शिवण नाही की चुणी नाही. आरमाराच्या जी-1 जाकिटाला खांद्यामागे चुण्या आहेत, हात पुढे नेला की त्या उघडतात. ए-2 ला ती सोय नाही, म्हणून हाताची मोकळीक मुंढ्यातूनच काढावी लागते.

मुंढा काखेच्या जवळ, वर ठेवला की हात उचलताना बाही तेवढी हलते. खाली उतरवला की हाताबरोबर अख्खं जाकीट कानापर्यंत चढतं. गिऱ्हाईक ‘काखेत घट्ट होतंय’ म्हणालं की पुष्कळ शिंपी मुंढा खोल करतात आणि हात आणखीच अडकतो. जुन्या ए-2 चा मुंढा वर आहे. अंगात घातल्यावर पहिल्यांदा तो जाणवतो, आणि तसाच जाणवायला हवा.

हे जाकीट बसलेल्या माणसासाठी कापलेलं आहे. वैमानिक कॉकपिटमध्ये बसायचा, वरून पॅराशूटचे पट्टे आवळायचा. ढगळ जाकीट पट्ट्यांखाली गोळा होतं, लांब जाकीट मांडीवर दुमडतं. म्हणून 40 नंबरच्या जाकिटाची पाठ कॉलरच्या शिवणीपासून विणीच्या टोकापर्यंत सुमारे 24 इंचच भरते. त्या काळची विजार बेंबीपाशी बसायची. जाकिटाची वीण विजारीच्या पट्ट्यावर टेकली की काम झालं. आत सदरा, फार तर पातळ स्वेटर.

शेजारचा एक तरुण आजोबांचं जाकीट घेऊन आला. ‘आखूड आहे, जरा सैल करून द्याल?’ त्याची जीन्स कुल्ह्यांवर होती, त्यामुळे मधे चार बोटं टी-शर्ट दिसत होता. जावयाची उंच कमरेची विजार त्याला घालायला लावली, खुर्चीत बसवलं, चेन गळ्यापर्यंत ओढून आतला हूक अडकवायला सांगितलं. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर, कफ मनगटाच्या हाडावर. हात डोक्यावर नेला तरी वीण जागची हलली नाही. त्याला ते बेतून शिवल्यासारखं बसलं होतं.

नंबरावर मात्र विसंबू नये. सरकारनं कंत्राटं अनेकांना दिली: बीकनची एअरो लेदर, मिडलटाउनची रफ वेअर, शिकागोची डुबो. प्रत्येकाचा कागदी साचा वेगळा, कुणाच्या कॉलरला पट्टी आहे, कुणाच्या नाही. म्हणून एकाचं 42 दुसऱ्याच्या 42 शी जुळत नाही. जाकीट सपाट पसरायचं, काखेपासून काखेपर्यंत टेप लावायची, दुप्पट करायची आणि आपल्या छातीशी ताडून बघायची.

थंडीला मात्र ए-2 पुरं पडत नव्हतं. उंचावरच्या बाँबफेक्या विमानांत मेंढीच्या कातड्याचे जाड कोट लागायचे. 1943 मध्ये हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अरनॉल्ड यांनी चामड्याची नवी कंत्राटं थांबवली आणि कापडी बी-10 जाकीट आलं. 1988 मध्ये अमेरिकी हवाई दलानं ए-2 परत आणलं, पण बकऱ्याच्या कातड्याचं आणि अंगात ढिलं. आजच्या लोकांच्या डोळ्यांत तेच माप बसलंय, हे मला खरोखर लागतं.

त्या तरुणाचे आजोबा आसामातून हिमालयावरून चीनला माल नेणाऱ्या विमानांवर होते. डाव्या खांद्यावर ढालीचं चिन्ह: निळ्यावर तारा आणि सूर्य, खाली लाल-पांढरे पट्टे, सगळे चामड्याचे तुकडे कापून जोडलेले. अशी चिन्हं तेव्हा आपल्याकडचे कारागीर हातानं करून देत. कडेचा टाका बारीक, समान, कुठं ओढ नाही. मी त्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिलो.

जाकीट सैल करायला मी नकार दिला. घोड्याच्या कातड्याची शिवण उसवली की सुईची भोकं कायमची राहतात, आणि आत दाबलेलं चामडंही सोडण्याइतकं नसतं. कमरेची वीण मात्र कसरीनं खाल्ली होती. ती बदलून घे म्हटलं, पण जुनीची उंची मापून तेवढीच लाव. दोन इंच जास्त लागली तर जाकीट कमरेवरून कुल्ह्यांवर उतरेल आणि पाठीला फुगा येईल.